हातांचा बंदोबस्त

येरवड्याच्या कारागृहात शिक्षा भोगीत असलेल्या महात्मा गांधींना पोटाचा तीव्र विकार जडला, तेव्हा सरकारने त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविले, आणि 12 जानेवारी 1924 च्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शस्त्रवैद्याने त्यांचे आंत्रपुच्छ काढून टाकले. शस्त्रक्रिया चालू असतानाच वादळाने विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले, ही हकिकत पुष्कळांच्या ऐकिवात असते. परंतु पुढे त्या जखमेपाशी गळू धरले आणि प्रकृती सुधारण्यास अपेक्षेहून अधिक दिवस लागले, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. 5 फेब्रुवारीस सरकारने त्यांची सुटका केली. राजबंदी केवढाही थोर असो, पहारा कितीही कडक असो आणि शस्त्रवैद्य कितीही कुशल असो, जखमेत शिरणाऱ्या जंतूला यांपैकी कोणाचाही मुलाहिजा नसतो. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर पू होणे, टाके पिकणे, ताप भरणे हे सर्व शस्त्रक्रियेच्या हिशेबात धरलेलेच असे, आणि ते उतरावे म्हणून वाट पाहणे व प्रार्थना करणे याखेरीज वैद्याच्या हाती फारसे काही नसे.

तीस वर्षांनी, ससूनपासून काही कोसांवर, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पिंपरीच्या माळावर, या दुखण्यावरचा इलाज कारखान्यात तयार होऊ लागला. 10 मार्च 1954 रोजी स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, जिला पिंपरीकर आजही नुसते 'एच.ए.' म्हणतात, ही भारत सरकारच्या मालकीची पहिली औषधनिर्माण कंपनी होय. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने ती उभी राहिली आणि 1955 मध्ये तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म 1962 चा, आणि चाकणचे मोटारींचे कारखाने तर त्याच्याही कितीतरी नंतरचे. म्हणजे आज लोखंड, रबर आणि रंग यांच्या वासाने ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यातील आरंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक चक्क बुरशीवर चालत होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पेनिसिलिन हाताशी आल्यावर पू ही वस्तू इतिहासजमा होणार, असे त्या पिढीतील शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

पण ते औषध ज्या रीतीने तयार होते ती रीत जवळून पाहणाऱ्याला हा भरवसा थोडा डळमळीत वाटला असता. हजारो लिटरांच्या बंद टाक्यांत साखरेचे आणि मक्याच्या अर्काचे खाद्य घालून ही बुरशी वाढवितात. ती टाकी, तिच्या नळ्या आणि झडपा आधी वाफेने निर्जंतुक करून घ्याव्या लागतात, आत सोडावयाची हवासुद्धा गाळून घ्यावी लागते, आणि एवढे करून कोठे एखाद्या झडपेच्या फटीतून भलता जंतू आत शिरला, तर तो ते खाद्य फस्त करतो इतकेच नव्हे, तर पेनिसिलिनचा विध्वंस करणारे द्रव्य स्रवून तयार झालेले औषधही नासवून टाकू शकतो. अशी नासलेली टाकी ओतून देण्यावाचून गत्यंतर नसते. हे विध्वंसक द्रव्य जंतूंपाशी असते याचा शोध एब्रहॅम आणि चेन या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1940 मध्येच प्रसिद्ध केला होता, म्हणजे पेनिसिलिन सामान्य रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या आधी. आणि 1945 मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने स्वतः बजावले होते की, अपुऱ्या मात्रेत हे औषध घेत राहिल्यास जंतू त्याला सरावतील. पुढे घडले ते तसेच. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या पूजनक जंतूंसाठी 1959 मध्ये मेथिसिलिन आले आणि 1961 पर्यंत त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. तात्पर्य, जंतू मारणारे औषध हे देखील जंतूंना आधी दाराबाहेर ठेवल्यावाचून निर्माण होत नाही. आणि दाराबाहेर ठेवण्याची ही तजवीज शस्त्रक्रियागृहात प्रामुख्याने ज्याच्यावर अवलंबून असते, ती वस्तू म्हणजे माणसाचा हात.

हातावरील जंतूंचे दोन वर्ग अमेरिकन शस्त्रवैद्य प्राइस याने 1938 मध्ये दाखवून दिले. आपल्या जुन्या गावगाड्याच्या दप्तरातील शब्द वापरायचे तर एक वर्ग मिरासदारांचा आणि दुसरा उपऱ्यांचा. मिरासदार जंतू त्वचेच्या खोल थरांत, केसांच्या मुळाशी आणि ग्रंथींच्या तोंडाशी पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून असतात. ते बहुधा निरुपद्रवी असून त्यांना समूळ उठवून लावणे कोणत्याही साबणाला साधत नाही. उपरे जंतू मात्र या रुग्णाच्या जखमेवरून, त्या खाटेच्या कठड्यावरून, दाराच्या मुठीवरून किंवा खिशातल्या मोबाइलवरून आलेले असतात. घातक जंतूंचा भरणा यांच्यातच अधिक, आणि सुदैवाने ते त्वचेच्या वरच्या थरावरच तळ देऊन असल्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या चोळण्यानेही बहुतांशी निघून जातात. वॉर्डातील परिचारिकेला केवळ उपऱ्यांना हुसकावले तरी पुरते. शस्त्रवैद्याचा हात जिवंत शरीराच्या आत जाणार असल्यामुळे त्याला मिरासदारांचीही संख्या शक्य तितकी घटवावी लागते, आणि ती काही तास वाढणार नाही असे पाहावे लागते. साधे हात धुणे आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे हात धुणे यांत फरक आहे तो या कारणाने.

हे ज्ञान येण्याच्या पुष्कळ आधी, जंतू ही कल्पनाही रूढ नसताना, केवळ मृत्यूंच्या नोंदवह्या ताडून पाहून एका माणसाने हातांवर बोट ठेवले होते. व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. 1846 साली पहिल्या विभागात शेकडा 11 हून अधिक बाळंतिणी दगावल्या आणि दुसऱ्यात 3 हूनही कमी. शहरातील गरीब स्त्रियांना हा भेद पक्का ठाऊक असे, आणि पहिल्या विभागात आपले नाव लागू नये म्हणून त्या हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस हा तेथील तरुण डॉक्टर या कोड्याने बेजार झालेला असताना, मार्च 1847 मध्ये त्याचा स्नेही कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मरण पावला, आणि त्याच्या देहाची स्थिती त्या बाळंतिणींच्या देहांसारखीच आढळली. सेमेलवाइसने ताडले की विद्यार्थी शवागारातून सरळ प्रसूतिगृहात येतात आणि मृत देहाचे काहीतरी आपल्या बोटांवरून आणतात. मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याखेरीज कोणी रुग्णाला शिवायचे नाही असा नियम केला. एप्रिलमध्ये शेकडा 18 च्या घरात असलेला मृत्यूचा आकडा जूनमध्ये 2 च्या आसपास आला.

एवढा ढळढळीत दाखला समोर असताना त्याचे म्हणणे त्या काळच्या बहुतेक आचार्यांनी नामंजूर केले. आपल्याच हातांनी आपण रुग्ण मारले हे कबूल करणे कोणत्याही सुशिक्षित माणसाला जड जाते, हे एक कारण; आणि सेमेलवाइसला समजूत घालण्याची कला अवगत नव्हती, हे दुसरे. त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो 1861 मध्ये, चौदा वर्षांनी, आणि नंतर विरोधकांना उघड पत्रे लिहून खुनी ठरविण्याचा सपाटा लावला. 13 ऑगस्ट 1865 रोजी वेड्यांच्या इस्पितळात तो वारला, तोही रक्तात विष भिनून. आणि त्याच्या आदल्या दिवशी, 12 तारखेला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टरने गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधून जंतुघ्न शस्त्रक्रियेच्या युगाला आरंभ केला. हातमोज्यांचा उगम तर निव्वळ योगायोगाचा. 1889-90 च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रवैद्य हॉल्स्टेड याची परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन हिचे हात रसकापराच्या पाण्याने सोलून निघत, म्हणून त्याने गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले. ते तिच्या हातांसाठी होते. रुग्णाचे रक्षण त्यांनी होते हे लोकांच्या लक्षात यायला आणखी काही वर्षे लागली. पुढे त्या दोघांचा विवाह झाला, हे जाता जाता.

आता आजच्या एखाद्या शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी उभे राहून पाहू. बाहेर पन्हाळीसारखे लांबट, पोलादी कुंड असते आणि त्यावर कोपराने उघडण्याचे नळ. अंगठी, घड्याळ, मनगटातले गंडेदोरे आधीच उतरलेले असतात. नव्याने लग्न झालेल्या सिस्टरच्या हातांतला हिरवा चुडाही येथे चालत नाही. नखे कापलेली, त्यांच्या खालचा मळ वाहत्या पाण्याखाली काढलेला. मग क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडीन मिसळलेल्या साबणाने प्रथम बोटे, प्रत्येक बोटाच्या चारही बाजू, बोटांच्या बेचक्या, तळहात, मळहात, मनगट आणि शेवटी कोपरापर्यंतचा हात, अशा क्रमाने दोन ते पाच मिनिटे चोळणे चालते. हात सदैव कोपराहून उंच धरायचे, म्हणजे पाणी बोटांकडून कोपराकडे निथळते आणि कोपराकडील मळ बोटांकडे उतरत नाही. पूर्वी खरखरीत ब्रशाने हात घासण्याचा शिरस्ता होता. त्याने त्वचा खरवडली जाऊन उलट अधिक कण आणि त्यांबरोबर अधिक जंतू झडतात असे आढळल्यामुळे तो आता मागे पडला आहे. निर्जंतुक टॉवेलाने हात टिपून, झगा चढवून, हातमोजे घातले की मंडळी 'स्क्रब' झाली. यानंतर नाक खाजले तरी खाजवायचे नाही, चष्मा घसरला तर दुसऱ्याने सावरायचा, आणि उभे राहायचे ते छातीशी हात जोडून.

हे दृश्य पाहताना आपल्याकडील माणसाला सोवळ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ओलेत्याने स्वयंपाकघरात वावरणारी आणि नातवंड अंगाला लागले तर पुन्हा स्नान करणारी आजी, आणि झग्याची बाही दिव्याच्या दांड्याला लागली म्हणून हातमोजे बदलणारा शस्त्रवैद्य, या दोघांचे वागणे वरवर सारखेच. परंतु साम्य तेथेच संपते. सोवळे माणसामाणसांत भेद करीत असे, आणि ते कोणी मोडले हे मोडणाऱ्याच्या जातीवर व पायरीवर ठरत असे. शस्त्रक्रियागृहात अधिष्ठाता विटाळला काय आणि कालचा विद्यार्थी विटाळला काय, शिक्षा एकच. एवढेच नव्हे, तर "सर, तुम्ही अनस्टेराइल झालात," असे म्हणण्याचा अधिकार तेथे ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या सर्वांत तरुण सिस्टरला असतो, आणि ज्या शस्त्रक्रियागृहात ती हे न कचरता म्हणू शकते व सर काही न बोलता हातमोजे बदलतात, तेथील कारभार नीट चालला आहे असे खुशाल समजावे. हातमोज्यांचा भरवसा तरी किती धरावा? त्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात, सुईचे टोक लागते, आणि आतल्या उबदार ओलाव्यात मिरासदार जंतू पुन्हा वाढू लागतात. हातमोजे हा धुतलेल्या हाताचा पर्याय होऊ शकत नाही, तो त्याच्यावरचा दुसरा पहारा होय.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हा विषय आणखी एका अंगाने जिव्हाळ्याचा आहे. येथे शस्त्रवैद्याच्या हाताखाली येतो तोही पुष्कळदा हातच असतो. मोठ्या मोटारकारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान-लहान शेडमध्ये पत्रा कापणाऱ्या आणि वाकविणाऱ्या पॉवर प्रेस दिवसरात्र चालतात, आणि 'प्रेसमध्ये बोट गेलं' हे वाक्य येथील कामगारवस्त्यांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय असो, किंवा सारे शहर ज्याला 'वायसीएम' म्हणते ते महानगरपालिकेचे साडेसातशे खाटांचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो, अशी चिरडलेली बोटे घेऊन येणारा माणूस बरोबर तेल, ग्रीस, लोखंडाचा कीस आणि कॉटन वेस्टचे धागे घेऊन येतो. अशा जखमेत जंतू आधीच शिरलेले असतात. तेथे शस्त्रवैद्याने आपले उपरे जंतू आणखी घालू नयेत, ही किमान अपेक्षा होय.

ही बोटे वाचविण्याचा जो उपाय कारखान्याने शोधला, तो रुग्णालयाला बरेच काही शिकवून जातो. प्रेसवरील कामगाराला "सांभाळून काम कर" असे रोज बजावून बोटे तुटायची थांबत नाहीत. आठव्या तासाला, हजाराव्या तुकड्याला, माणसाचे चित्त ढळतेच. म्हणून यंत्राला दोन बटणे देतात आणि ती दोन्ही हातांनी एकदम दाबल्याखेरीज ठोका पडत नाही. दोन्ही हात बटणांवर असले की बोट साच्यात राहणार कोठून? आणि जेथे उत्पादनाची घाई झाली म्हणून यांतील एक बटण बांधून ठेवले जाते, तेथे अपघात परत येतात. हात धुण्याच्या बाबतीतही नेमके हेच आहे. चाळीस रुग्णांचा वॉर्ड, दोन सिस्टर, आणि बेसिन व्हरांड्याच्या टोकाला असेल, तर प्रत्येक रुग्णापाशी जाण्यापूर्वी व नंतर मिनिटभर हात धुण्याचा हुकूम पाळता पाळता पाळी संपेल. मग बटण बांधून ठेवावे तसे हात धुणे आपोआप बाजूला पडते, आणि त्याला बेपर्वाई हे नाव देऊन आपण मोकळे होतो.

सेमेलवाइसला जे साधले नाही ते दीडशे वर्षांनी जिनिव्हाच्या दिदिये पित्ते या डॉक्टराला साधले, ते या मार्गाने. त्याने बेसिनपाशी माणूस नेण्याचा नाद सोडून माणसापाशी बाटली आणली. खाटेच्या कठड्याला आणि डगल्याच्या खिशात अल्कोहोलयुक्त द्रावण ठेवले, भिंतींवर चित्रे लावली, प्रत्येक विभागाला त्याचे आकडे दाखविले. आणि 1994 ते 1997 या मुदतीत हस्तस्वच्छतेचे प्रमाण शेकडा 48 वरून 66 वर गेले, तर रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गांचे प्रमाण 1998 पर्यंत शेकडा 16.9 वरून 9.9 वर उतरले. तोच प्रयोग पुढे जागतिक आरोग्य संघटनेने जगभर नेला आणि कोणत्याही रुग्णालयाच्या औषधालयात तयार करता येईल अशी एक कृती जाहीर केली: दहा लिटरांच्या भांड्यात 96 टक्के शुद्धतेचे 8333 मिलिलिटर इथेनॉल, 3 टक्क्यांचे 417 मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि 145 मिलिलिटर ग्लिसरॉल, बाकी उकळून गार केलेले पाणी. यातील प्रत्येक वस्तूला कारण आहे. जंतूची प्रथिने गोठविण्यासाठी अल्कोहोलाला पाण्याची जोड लागते, म्हणून निव्वळ अल्कोहोलापेक्षा 80 टक्क्यांचे अधिक प्रभावी ठरते. पेरॉक्साइड हातावरील जंतूंसाठी नसून बाटलीत राहून गेलेल्या बीजाणूंसाठी असते, आणि त्यांचा निकाल लागावा म्हणून भरलेली बाटली 72 तास तशीच ठेवतात. ग्लिसरॉल त्वचा फाटू देत नाही, कारण फाटलेला हात कोणी पुन्हा चोळायला धजत नाही. मात्र तेलकट, मातकट वा रक्ताने भरलेल्या हातावर हे द्रावण कामाचे नाही. तेथे साबण आणि पाणीच हवे. हे ग्रीसने माखलेल्या कामगाराला जितके लागू, तितकेच डॉक्टराला.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या हातांनाही हा उपाय पुरतो का, याची फ्रान्समधील रुग्णालयांच्या सहा शस्त्रक्रिया विभागांत परीक्षा झाली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 4387 रुग्ण होते. साबणाने घासून हात धुणाऱ्या चमूंच्या रुग्णांत शेकडा 2.48 जणांच्या जखमा चिघळल्या, आणि अल्कोहोल चोळणाऱ्यांच्या रुग्णांत 2.44 जणांच्या, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पवनेच्या धरणावर तहान भागविणाऱ्या आणि 2019 पासून एक दिवसाआड पाणी घेणाऱ्या पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात, जेथे एखाद्या लहान खासगी रुग्णालयाला टँकर बोलवावा लागतो, तेथे पाणी वाचविणाऱ्या या बरोबरीचे मोल निराळे सांगायला नको. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे अकरांना संसर्ग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये नमूद केले. त्याच वेळी तिने हेही सांगितले की शस्त्रक्रियेच्या जागेचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, प्रतिजैविकाची मात्रा छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत द्यावी, आणि शस्त्रक्रिया संपल्यावर 'असू द्या' म्हणून ती दिवसेंदिवस चालू ठेवू नये. हातांची उणीव औषधाने भरून काढण्याच्या सवयीला ही ताकीदच होती.

रुग्णाच्या नातेवाइकांनाही या बंदोबस्तात जागा आहे. आपल्या सरकारी वॉर्डांत ड्रेसिंगची ट्रॉली ढकलणारे मामा, चादर बदलणाऱ्या मावशी, डबा घेऊन आलेला भाऊ आणि खाटेशेजारी रात्र काढणारी आई, या सर्वांचे हात त्याच कठड्यावरून त्याच जखमेजवळ जातात. रुग्णाला शिवण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्तादी स्रावांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला शिवल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना शिवल्यावर, असे पाच प्रसंग संघटनेने डॉक्टर-परिचारिकांना ठरवून दिले आहेत. नातेवाइकांसाठी ते दोनच पुरेत: खाटेपाशी येताना आणि खाटेपासून जाताना. "डॉक्टर, हात चोळलेत का?" असे विचारण्याचा संकोच वाटतो खरा, पण जो प्रश्न सिस्टर सरांना विचारू शकते, तो आईनेही विचारल्यास कोणाचा अधिक्षेप होत नाही.

2020 च्या साथीत एच.ए.च्या आवारातून अल्कोहोलयुक्त हस्तनिर्जंतुकाच्या बाटल्या बाहेर पडत होत्या, तेव्हा त्याकडे संकटकाळचा किरकोळ उद्योग म्हणून पाहिले गेले. पेनिसिलिनच्या टाक्यांपुढे इथेनॉल, पेरॉक्साइड आणि ग्लिसरॉल यांचे मिश्रण ते काय! पण पेनिसिलिनच्या टाकीलाही जंतूंपासून राखावे लागते, हे त्या कारखान्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तेथून थोड्याच अंतरावर, संत तुकारामनगरातील वायसीएममध्ये, रात्रपाळीतून आणलेला कोणी कामगार बोटावर पट्टी बांधून पडलेला असेल. त्याच्या खाटेच्या कठड्याला बाटली अडकविलेली आहे ना, आणि ती रिकामी तर नाही ना, हे सकाळच्या फेरीआधी कोणीतरी पाहिले असले म्हणजे झाले.